डायमंड पेस्टने खडे पॉलिश करताना वंगण कसे निवडावे

पॉलिश करताना खड्यावर चरे उमटू लागले की पहिला संशय पेस्टवर, म्हणजे हिऱ्याची बारीक भुकटी कालवलेल्या लेपावर जातो. नवी सिरिंज मागवली जाते, चकती बदलली जाते, ग्रिटचा, म्हणजे कणांच्या जाडीचा क्रम पुन्हा तपासला जातो. वंगणाकडे मात्र सहसा कुणी बघत नाही; हाताशी असेल ते तेल चालते, असाच समज असतो. प्रत्यक्षात चकतीवर दोन थेंब जास्त पडले किंवा कमी पडले, तरी चांगल्यातली चांगली पेस्ट फुकट जाते. आणि खडा सच्छिद्र असेल, तर चुकीच्या तेलाचा डाग कायमचा बसतो. तो पुन्हा घासूनही निघेलच असे नाही.

वंगण निवडताना क्रम असा ठेवावा : आधी पेस्ट कशात कालवलेली आहे ते बघायचे, मग चकती, मग खडा आणि शेवटी प्रमाण. हा क्रम उलटा केला की गोंधळ होतो. फिरोजासाठी पाणी योग्य म्हणून पाणी घेतले, पण पेस्ट तेलातली निघाली, तर त्या पाण्याचा काही उपयोग नाही.

वंगणाची कामे

कापण्याचे काम हिऱ्याची भुकटी करते. वंगण उष्णता वाहून नेते, खड्याचा आणि चकतीच्या धातूचा बारीक कीस कापणाऱ्या जागेवरून बाजूला काढते, हिऱ्याच्या कणांची गुठळी होऊ देत नाही आणि खडा व चकती यांच्यात एक पातळ थर राखते. या थराची जाडी हेच सगळ्यात नाजूक काम.

बाजारात पेस्टचे आकडे मेशमध्ये असतात; मेशचा आकडा जितका मोठा, तितका कण बारीक. ढोबळ हिशोबाने १२०० मेश म्हणजे १५ मायक्रॉन, ३००० म्हणजे ६, ८००० म्हणजे ३, १४,००० म्हणजे १ ते दीड, ५०,००० म्हणजे अर्धा आणि १,००,००० म्हणजे पाव मायक्रॉन. आता अर्ध्या मायक्रॉनच्या कणावर तेलाचा जाड थर बसला तर काय होईल? खडा तेलावर तरंगतो, कण तेलात लोळत राहतात, आणि कितीही वेळ धरून बसलात तरी पैलूवरचा धूसरपणा जात नाही. थर अजिबात नसला तर उलटे होते. कण खड्यात रुततात, कीस तिथेच दाबला जाऊन त्याच्या गुठळ्या होतात आणि त्या गुठळ्या खोल चरे पाडतात. म्हणून एक नियम पक्का लक्षात ठेवावा : पेस्ट जितकी बारीक, तितके वंगण कमी आणि पातळ.

दाटपणाचा अंदाज आकड्यांनी चांगला येतो. २० अंश तापमानाला पाण्याची दाटी १ धरली, तर ऑलिव्ह तेलाची साधारण ८०, एरंडेलाची हजाराच्या आसपास आणि शुद्ध ग्लिसरीनची सुमारे १४०० भरते. तेच ग्लिसरीन वजनाने निम्मे पाणी घालून पातळ केले की दाटी ६ वर उतरते. शुद्ध ग्लिसरीन किंवा एरंडेल पॉलिशला का चालत नाही, ते यावरून कळावे.

दाटीचा आणखी एक परिणाम फवाऱ्याच्या बाटलीत दिसतो. ३ मायक्रॉनचा हिऱ्याचा कण स्थिर पाण्यात तासाला साडेचार सेंटिमीटरच्या आसपास खाली बसतो. ऑलिव्ह तेलात तोच कण तासाला जेमतेम अर्धा मिलिमीटर उतरतो. १५ मायक्रॉनचा कण याच्या पंचवीसपट वेगाने बसतो. त्यामुळे पाण्यात कालवलेली भुकटी न हलवता फवारली तर चकतीवर पाणीच जाते आणि हिरा तळाशी राहतो. तेलातल्या मिश्रणात एवढी घाई नसते, तरी कामाला बसताना बाटली हलवावीच.

पायरी १ : पेस्ट कशात कालवली आहे ते ओळखा

सिरिंजवर तेलात विरघळणारी, पाण्यात विरघळणारी किंवा दोन्हींत चालणारी असे लिहिलेले असते. लेबल पुसले असेल, किंवा कुणी सुटी पेस्ट दिली असेल, तर काचेच्या पट्टीवर परीक्षा करा. पट्टीवर बाजरीच्या दाण्याएवढी पेस्ट दोन ठिकाणी ठेवा. एकीवर पाण्याचा थेंब, दुसरीवर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब टाका आणि दोन वेगळ्या काड्यांनी घोटा. जिथे एकसारखा राखाडी लेप होईल ते तिचे वंगण. जिथे पेस्ट गोळा होऊन काडीलाच चिकटते, किंवा पाण्यात दाणेदार ठिपके दिसतात, तिथे ते वंगण वापरायचे नाही. दोन्हीकडे सारखा लेप झाला तर पेस्ट दोन्हींत चालणारी आहे.

एका चकतीवर एकदा तेल ठरवले की तेलच. तेलकट चकतीवर पाण्याचे वंगण टाकले की दुधट फेस होतो, त्यात हिरा अडकतो आणि पुसताना फडक्याबरोबर निघून जातो. बदल करायचाच असेल, तर चकती भांड्यांच्या साबणाने आणि कोमट पाण्याने दोनदा धुऊन, स्पिरिटने पुसून, पूर्ण वाळवून नव्याने हिरा भरावा लागतो.

पायरी २ : चकतीला काय सोसते ते बघा

कथील, तांबे, जस्त : तिन्हींवर तेल उत्तम. पाण्याने तांब्यावर आणि जस्तावर काळसर-पांढरट थर येतो. कथलाला पाण्याचा फारसा त्रास नाही. कथील-शिशाच्या मिश्र चकतीवर काम केल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. तेलात शिशाचा कीस असतो.

बीड : फक्त तेल. पाण्याचे दोन दिवस राहिलेले थेंबही गंजाचे खड्डे पाडतात. हिऱ्याला पैलू पाडायची चकती बिडाचीच असते आणि हिऱ्याची भुकटी तिच्यावर ऑलिव्ह तेलात कालवून लावायची पद्धत जुनी आहे. बिडाच्या पृष्ठभागावरची बारीक छिद्रे कण धरून ठेवतात आणि ऑलिव्ह तेल सहज वाळत नाही, म्हणून ती जोडी टिकली.

सिरॅमिक : अत्यंत कठीण, त्यामुळे कण तिच्यात रुतत नाहीत, वर राहतात. इथे वंगण जवळजवळ नसल्यासारखेच ठेवायचे. नवशिक्याने सिरॅमिकपासून सुरुवात करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. एका जादा थेंबाची शिक्षा तिच्यावर ताबडतोब मिळते.

फिनॉलिक, म्हणजे राळ आणि कापडाची दाबून केलेली चकती : तेल आणि पाणी दोन्ही चालते.

लाकूड : तेल. पाण्याने लाकूड फुगते आणि चकतीचा सपाटपणा जातो. एमडीएफ तर पाण्याने पार भुसकटते. लाकूड दाट रेषांचे हवे. सागवान सहज मिळते म्हणून घेऊ नका. त्याची छिद्रे मोठी असतात, शिवाय सागात मुळातच सिलिका असते. सुताराची हत्यारे त्याने लवकर बोथट होतात आणि मऊ खड्याला तीच सिलिका चरे पाडू शकते.

चामडे, कॅनव्हास, फेल्ट : पेस्टप्रमाणे तेल किंवा ग्लायकोल (पाण्यात मिसळणारे वंगण, पायरी ४ बघा). चामडे पाण्याने भिजून वाळले की कडक होते आणि मग ते पुन्हा मऊ करत बसावे लागते.

राळेत हिरा बसवलेल्या लवचिक चकत्या आणि पट्टे : पाणीच. तेलाने राळ मऊ पडू शकते आणि मागचा गोंद सुटतो. वेल्क्रो किंवा चिकटपट्टीवर बसवलेल्या कोणत्याही पॅडला हेच लागू.

पायरी ३ : खडा काय पितो, कशाने बिघडतो

इथे थोडे थांबून विचार करण्यासारखे आहे, कारण पॉलिश बिघडले तर पुन्हा करता येते. डागाळलेला किंवा तडकलेला खडा परत मिळत नाही.

माणिक, नीलम, पुष्कराज, लसण्या, स्पिनेल : घट्ट आणि कठीण. तेलात निर्धास्त काम करा. डायमंड पेस्टचे खरे क्षेत्र हेच. मात्र स्वस्त माणकांत भेगा काचेने भरलेल्या असतात. भिंगाखाली निळसर झळाळी किंवा बुडबुडे दिसले तर उष्णता, आम्ल आणि तीव्र क्षार यांपासून खडा जपा, आणि त्या काचेवर माणकासारखी झिलई येणार नाही हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

पाचू : भेगांत तेल किंवा राळ भरलेली असणे हे पाचूच्या बाबतीत नेहमीचेच. तेलाचे वंगण चालते, पण साफ करताना स्पिरिट, ॲसिटोन, थिनर आणि अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी साफ करणारे यंत्र) चारही वर्ज्य. भरलेले तेल निघाले की आधी न दिसणाऱ्या भेगा पांढऱ्या उमटतात. पृष्ठभागापर्यंत आलेल्या भेगांत धातूच्या चकतीवरचे काळे तेल शिरते आणि हिरव्या खड्यात काळी रेघ दिसते. अशा खड्याला फिनॉलिक चकती आणि पाण्यात विरघळणारी पेस्ट घ्या. भेगेत काही गेलेच तर साबणाच्या कोमट पाण्याने निघण्याची आशा तरी असते.

पुखराज नावाने विकला जाणारा टोपाझ : तेल चालते. तो एका प्रतलात सहज फुटतो, आणि पैलू त्या प्रतलाला अगदी समांतर आला तर कोणतेही वंगण झिलई आणू शकत नाही. पैलू पाच-सात अंशांनी कलता ठेवणे हाच उपाय.

स्फटिक, जांभळा ॲमेथिस्ट, सिट्रिन : ३ मायक्रॉनपर्यंत डायमंड पेस्ट, ग्लायकोल-पाण्याच्या वंगणासह, शेवटची झिलई सेरियम ऑक्साइड आणि पाण्याने. कठीण धातूवर बारीक हिऱ्याने स्फटिकाला शेवटची झिलई आणण्याच्या नादात चऱ्यांशी झगडत बसण्यात अर्थ नाही.

अकीक : दख्खनच्या बेसाल्टमधून मिळणारे अकीक, कार्नेलियन, जॅस्पर दिसायला घट्ट असतात, पण अकिकाचे काही पट्टे द्रव शोषतात. या शोषण्याच्या गुणामुळेच अकीक रंगवता येतो. तेलाने फिकट पट्टे मळकट होतात, म्हणून इथे पाण्याचे वंगण. खडा रंगवलेला आहे का, हे स्पिरिटचा बोळा मागच्या बाजूला टेकवून बघा. बोळ्यावर रंग उतरला तर स्पिरिट लांब ठेवा. लाजवर्दचीही हीच परीक्षा घ्या.

फिरोजा, व्हॅरिसाइट, क्रायसोकोला : तेल अजिबात नको. फिरोजा तेलाने हिरवट, गडद होतो आणि तो डाग परतवता येत नाही. चामड्यावर पाण्यात विरघळणारी पेस्ट, ओलावा नावापुरता, आणि प्रत्येक अर्ध्या मिनिटाला खडा पुसून घ्यायचा.

ओपल : ऑस्ट्रेलियाच्या घट्ट ओपलला पाणी चालते, त्याचा शत्रू उष्णता आणि तापमानातला अचानक बदल. इथिओपियाचा वेलो ओपल मात्र स्वतःच द्रव शोषतो. पाण्याने तो पारदर्शक होऊन रंगांचा खेळ तात्पुरता मावळतो आणि सावलीत सावकाश वाळला की परत येतो. तेल आत गेले तर ते सहज निघत नाही आणि पुढे पिवळटपणा राहतो. त्यामुळे वेलोवर तेलाची पेस्ट वापरू नका, ग्लायकोलही नको. बारीक राळेच्या पॅडवर अगदी कमी ओलाव्यात, मास्क लावून काम करा, आणि घाईने वाळवायला दिव्याखाली ठेवू नका, तडकतो.

पोवळे, शिंपले, अंबर : हे मऊ आहेत. अंबराच्या पृष्ठभागाला स्पिरिट आणि ॲसिटोन खातात. पोवळ्याला आम्ल लागता कामा नये, म्हणून साफसफाईला लिंबू-व्हिनेगर टाळा. यांना धातूच्या चकतीवर नेऊ नका. चामडे आणि थोडे पाणी पुरे.

पायरी ४ : आपल्याकडे मिळणारी वंगणे

लाइट लिक्विड पॅराफिन : तेलाच्या कामासाठी आमची पहिली पसंती. रंग नाही, वास नाही, वाळत नाही, खवट होत नाही. औषधांच्या दुकानात किंवा प्रयोगशाळेच्या रसायनांच्या दुकानात मिळते. बाटलीवर ‘लाइट’ आहे की ‘हेवी’ ते वाचून घ्या. हेवी मिळाले तर त्यात तेवढेच शिलाई मशीनचे तेल मिसळून पातळ करता येते.

शिलाई मशीनचे तेल : पातळ खनिज तेल. १४,००० आणि त्यापुढच्या पेस्टला चांगले. पिवळट असेल तर घेऊ नका.

बेबी ऑइल : लेबल वाचा. मुख्य घटक मिनरल ऑइल असेल तर चालते. बदाम, ऑलिव्ह वगैरे वनस्पती तेलांचे मिश्रण असेल तर कातडीला बरे, चकतीला नाही.

ऑलिव्ह तेल : १२०० ते ८००० मेशच्या कामाला, विशेषतः बीड, तांबे आणि लाकडावर उत्तम. त्याहून बारीक पेस्टला जरा दाट पडते. वापरून झाल्यावर चकती पुसून ठेवा. महिनोन्महिने तसेच राहिले तर चिकट होते.

खोबरेल : घरोघरी असते म्हणून मोह होतो. २४ अंशांच्या आसपास ते थिजते. डिसेंबरात नाशिक-पुण्याकडे सकाळी चकतीवर त्याचे दाणे होतात आणि मोटरच्या उष्णतेने पुन्हा पातळ होते. म्हणजे थराची जाडी दर मिनिटाला बदलते. नकोच.

शेंगदाणा, सूर्यफूल, जवस : हवेत हळूहळू घट्ट होतात, जवस तर रंगासारखे वाळते. चकतीवर बसलेला चिकट थर काढताना भरलेला हिराही निघून जातो.

रॉकेल आणि डब्ल्यूडी-४० : दोन्ही पातळ आहेत, कीस छान वाहून नेतात आणि पुष्कळ जण वापरतात. पण उडून जातात आणि चकती नकळत कोरडी पडते. रेशनच्या रॉकेलला निळा रंग दिलेला असतो. सच्छिद्र खड्यावर तो उतरू शकतो. वाफ छातीत जाते, ठिणगीने पेट घेते. आमचा सल्ला : तेलाच्या पेस्टची चकती धुवायला, मोकळ्या हवेत आणि मोटर बंद ठेवून वापरा, वंगण म्हणून नको.

प्रॉपिलिन ग्लायकोल : पाण्यात विरघळणाऱ्या पेस्टला सगळ्यात योग्य. निम्मे ग्लायकोल, निम्मे डिस्टिल्ड पाणी. १०० मिलिलिटरला भांड्यांच्या द्रवसाबणाचा एक थेंब. पाण्यासाठी गाडीच्या बॅटरीत भरायचे डिस्टिल्ड पाणी चालते, मात्र आम्लाची बाटली उचलली जाणार नाही याची खात्री करा. बोअरचे पाणी वापरू नका. ते वाळले की क्षारांचे पांढरे कण राहतात. हे मिश्रण आठवड्याला पुरेल एवढेच करा; वास आला की टाकून द्या. इंजिनाचे कूलंट बहुधा इथिलिन ग्लायकोलचे असते, ते विषारी आणि चवीला गोड. घरात लहान मुले किंवा कुत्री-मांजरे असतील तर ते आणूच नका.

ग्लिसरीन : ग्लायकोल नाही मिळाले तर १ भाग ग्लिसरीन आणि २ भाग डिस्टिल्ड पाणी. पावसाळ्यात हवेतला ओलावा ओढून ते आणखी पातळ होते, तेव्हा प्रमाण बघून बदला.

पायरी ५ : लावायचे कसे, किती

६ इंची कथलाची चकती आणि तेलातली ५०,००० ची पेस्ट धरून चालू. दुसऱ्या ग्रिटला हीच रीत, फक्त प्रमाण थोडे वाढते.

१. मोटर बंद ठेवून चकती स्वच्छ फडक्याने पुसा. भिंगाखाली तिच्यावर केस, तंतू, धूळ काही दिसू नये.

२. पेस्टचे मोहरीएवढे पाच-सहा ठिपके मधल्या पट्ट्यात ठेवा. सुटी भुकटी वापरत असाल, तर नवी ६ इंची चकती पहिल्यांदा भरायला साधारण १ कॅरेट, म्हणजे ०.२ ग्रॅम पुरते, आणि ती दोन-तीन थेंब तेलात काचेवर घोटूनच चकतीवर घ्या. कोरडी भुकटी उडते, आणि उडालेला हिरा पुढच्या सगळ्या चकत्यांवर जाऊन बसतो.

३. इंजेक्शनच्या २ मिलिलिटरच्या सिरिंजने, सुईचे टोक घासून बोथट करून, एक थेंब लाइट लिक्विड पॅराफिन टाका. बाटलीतून थेट ओतू नका. बाटलीचा एक थेंब आणि बारीक सुईचा एक थेंब यांत खूप फरक असतो.

४. धुतलेल्या बोटाने, चकती हाताने फिरवत, लेप आतून बाहेर सारखा पसरा. धातूच्या चकतीवर आता गुळगुळीत पोलादी रोलर किंवा बेअरिंग मध्यम दाबाने दोन-तीन मिनिटे फिरवा. कण धातूत रुततात.

५. टिश्यू पेपर हलक्या हाताने एकदा फिरवून जादा काढा. नवखे ही पायरी गाळतात, कारण महागडी पेस्ट पुसून टाकतो आहोत असे वाटते. कापणारा हिरा धातूत रुतलेला असतो, वरचा नुसता लोळत असतो.

६. परीक्षा : बोट टेकवून उचला. बोटावर तेलाची नुसती चमक दिसली, ओल दिसली नाही, तर प्रमाण बरोबर. टिश्यूचा दुसरा तुकडा टेकवला तर त्यावर फिकट राखाडी छटा यावी. तेलाचा पारदर्शक डाग पसरत गेला तर अजून पुसा.

७. पैलू टेकवा आणि कान द्या. बरोबर प्रमाणात एक बारीक, सलग खसखस ऐकू येते आणि हाताला हलकी ओढ लागते. आवाजच नसेल आणि खडा सहज घसरत असेल तर तेल जास्त. किरकिर, थरथर किंवा अडकल्यासारखे वाटले तर कोरडे.

कोरडे वाटले की पेस्ट वाढवू नका. अर्धा थेंब तेल बोटावर घेऊन लावा. आवाज ठीक असून कापणे मंदावले, तरच पेस्टचा एक ठिपका. दोन्ही एकाच वेळी बदलले, तर सुधारणा कशामुळे झाली ते कळणार नाही. ५०,००० वर साधारण दर तीन-चार पैलूंनंतर अर्धा थेंब लागतो. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकली की तेल पातळ होऊन कडेला पळते, तेव्हा थोडे लवकर.

चकतीचा वेग वंगणाशी बांधलेला आहे. धातूच्या चकतीवर पैलूंची शेवटची झिलई मिनिटाला १५० ते ३०० फेऱ्यांत करावी. ३०० फेऱ्यांना ६ इंची चकतीची कड मिनिटाला सुमारे १४४ मीटर धावते. वेग यापुढे बराच वाढवला तर तेल कडेला फेकले जाते, मधला पट्टा कोरडा पडतो आणि खडा तापतो. लाकूड किंवा चामड्यावर घाटदार, म्हणजे बिनपैलूचे घुमटाकार खडे करताना ६०० ते १००० पर्यंत जाता येते, कारण तिथे तेल मुरलेले असते.

नीलमाचा क्रम : १२०० ची, आधीच हिरा बसवलेली धातूची चकती पाण्यावर झाली की खडा, डॉप (खडा चिकटवून धरायची दांडी) आणि हात साबणाने धुवा. तांब्यावर ८००० ची पेस्ट, ऑलिव्ह तेल किंवा लाइट पॅराफिन दोन थेंब, सर्व पैलूंवरून एकसारखा साटीनसारखा पोत येईपर्यंत. पुन्हा धुवा. मग कथलावर ५०,०००. नीलमाची कठीणता दिशेप्रमाणे बदलते. एखादा पैलू हट्टाने धूसर राहिला तर तेल-पेस्ट वाढवण्याआधी चकतीची दिशा उलटी करून बघा.

तारा असलेल्या माणकाचा घुमट लाकडावर करताना ३०००, ८०००, १४,००० आणि ५०,००० अशा चार वेगळ्या चकत्या ठेवा. नव्या लाकडाला आदल्या दिवशी तेलाचा एक पातळ हात द्या आणि रात्रभर मुरू द्या. नाहीतर पहिल्या दिवशी टाकलेले तेल लाकूडच पिते आणि पेस्ट वर कोरडी राहते.

काय बिघडले ते ओळखा

लांब, सरळ, एकटा चरा : बाहेरचा मोठा कण. वंगण बदलून जाणार नाही. चकती धुवा, खड्याची कड तुटून कण सुटत नाही ना ते बघा.

एकाच भागात आखूड चऱ्यांचा झुबका : कोरडेपणामुळे झालेली गुठळी. अर्धा थेंब तेल, रोलर, पुसणे.

पूर्ण पैलू दुधट : तेल जास्त, किंवा आधीच्या ग्रिटचे चरे राहिलेले. आधी पुसून बघा. दहा पटीच्या भिंगाखाली दुधटपणा बारीक समांतर रेषांचा दिसला तर मागच्या ग्रिटवर परत जा.

पैलूंच्या कडा गोल : चकती मऊ किंवा थर जाड.

घुमटावर संत्र्याच्या सालीसारखा पोत : जेडमध्ये नेहमी दिसतो. कणांच्या दिशा वेगवेगळ्या असल्याने काही भाग खोल जातात. मऊ पॅडवर जास्त ओलावा हे कारण असते. चामड्यावर जवळजवळ कोरडे होईपर्यंत आणून दाब वाढवला तर सपाट होतो. मात्र खडा तापतो, म्हणून दहा-पंधरा सेकंदांनी उचलून गालाला लावून बघा.

खडा डॉपवरून सुटला : उष्णता किंवा द्रावक. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून लाखेवर बसवलेला खडा मधेच स्पिरिटने पुसू नका. सुपरग्लू ॲसिटोनने सुटतो. आणि खडा उलटा बसवताना त्यावर तेलाचा अंश राहिला तर कोणताही गोंद धरत नाही.

धुणे आणि ठेवणे

प्रत्येक ग्रिटसाठी सिरिंज, फडके, ब्रश आणि झाकणाचा डबा वेगळा. त्यावर मेशचा आकडा मोठ्या अक्षरांत. तेलाची बाटली सगळ्यांना एकच ठेवली, तर ८००० च्या चकतीला टेकलेली सुई ५०,००० वर जाते. थेंब नेहमी वरून सोडा, टेकवू नका. बारीक ग्रिटची चकती जाड ग्रिटच्या वरच्या कप्प्यात ठेवा. धूळ खाली पडते.

तेलातला खडा आधी कोरड्या टिश्यूने, मग साबणाचे कोमट पाणी आणि मऊ टूथब्रशने. अल्ट्रासॉनिक फक्त घट्ट, बिनभेगांच्या माणिक-नीलम-स्पिनेलला. पाचू, ओपल, टांझनाइट आणि चिकटवलेल्या दुहेरी खड्यांना नाही.

पॉलिशच्या तेलाने धूळ बसते म्हणून आधीच्या घासणीत पाणी कमी करू नका. अकीक, स्फटिक कोरडे घासले की सिलिकाची धूळ फुप्फुसांत जाते. खंभातच्या अकीक कारागिरांमधला सिलिकोसिस सर्वश्रुत आहे. घासताना पाणी सलग चालू हवे आणि तोंडावर एन-९५ मास्क हवा.

तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसासारख्या वाळणाऱ्या तेलाची असतील तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. चकती धुतलेले रॉकेल मोरीत ओतू नका. बाटलीत दोन दिवस स्थिर ठेवले की तळाशी राखाडी गाळ बसतो. वरचे रॉकेल पुढच्या धुण्याला घ्या. गाळात हिरा असतो, पण सगळ्या ग्रिटचा मिसळलेला, म्हणून तो पुन्हा पॉलिशला न वापरता जाड घासणीच्या चकतीसाठी वेगळा ठेवा.